पेडण्याची एक काजू भट्टी: उर्राक फर्मास, फेणी चांगली, बाटली मात्र घरून न्या

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या मंडळींना पुढचं वाचायला नको. उर्राकला (काजूच्या रसाची एकदा गाळलेली दारू) दहापैकी नऊ. फेणीला (तोच उर्राक परत गाळून काढलेली) साडेसात. ती ज्या तऱ्हेनं विकतात तिला चार, आणि तेही भट्टीवाल्या काकांच्या गोड स्वभावामुळे.

भट्टी पेडणे तालुक्यात आहे, बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडून आत गेल्यावर. नाव देत नाही, कारण त्याचा उपयोग नाही. गोव्यात काजूच्या बागांचे झोन अबकारी खातं लिलावात काढतं. ज्याची बोली त्याचा हंगाम. यंदा या चुलीवर जो बसलाय तोच पुढच्या मार्चात असेल याची खात्री नाही. नाव पाठ करण्यापेक्षा भट्टी बघायची कशी हे कळलेलं बरं.

पत्र्याचं छप्पर, चिऱ्याची चूल, त्यावर ऐंशी लिटरचा तांब्याचा भाण (रस उकळायचं भांडं), मागे पाण्याची सिमेंटची टाकी आणि बाजूला उतरत्या कातळात खोदलेली कोळंबी. (ही कोळंबी खायची नव्हे. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, तुडवायच्या दगडी कुंडाला तिकडे कोळंबी म्हणतात. नव्या माणसाचा हमखास घोटाळा होतो.) एवढाच पसारा. दारूची चव या तांब्यात ठरते असा लोकांचा समज असतो. भाण चुकला तर चांगला रस नासतो हे खरं, पण वाईट रस चांगला करणारा भाण अजून कुठल्या तांबटानं घडवलेला नाही. म्हणून भट्टीवर गेलं की पहिली नजर चुलीकडे नको, बोंडूच्या ढिगाकडे टाकावी.

इथला ढीग बघण्यासारखा आहे. झाडावरून तोडलेला बोंडू घेत नाहीत. पिकून आपोआप पडलेलाच उचलतात आणि तोही सकाळी. तोडलेल्यात साखर पुरती भरलेली नसते, तुरटपणा जास्त. आदल्या दिवशी पडून राहिलेला बोंडू दुपारपर्यंत झाडाखालीच आंबायला लागतो, त्यावर माश्या बसतात आणि त्याचा आंबटपणा पुढे थेट उर्राकात उतरतो. बिया पिळून आधीच वेगळ्या काढतात. त्यात पैसा आहे म्हणून सगळेच काढतात म्हणा, पण इथे पानं, काड्या आणि माती लागलेले बोंडूही निवडून बाजूला टाकतात. चुकून राहिलेली एखादी बी पायाखाली फुटली तर टरफलातलं तेल रसात जातं. हेच तेल हाताला लागलं की कातडी सोलून निघते. घोटाच्या शेवटी घशाला खरखर लागली तर ही शंका घ्यायची.

कोळंबीत दोन माणसं गमबूट घालून तुडवतात. रस उतारानं खालच्या भांड्यात जातो. उरलेला चोथा पूर्वी रानवेलीनं बांधून, गोल ढीग करून वर मोठा धोंडा ठेवत. इथे लोखंडी पिंजरा आणि स्क्रू आहे. त्या दाबाखाली थेंबथेंब निथळतो तो नीरो. स्वच्छ, गोड, किंचित तुरट. सकाळी दहाच्या आत गेलात तर ग्लासभर नीरो अवश्य मागा. बाराला तोच जिभेवर चुरचुरायला लागतो, म्हणजे आंबणं सुरू झालं.

रस जाड कापडातून गाळून दोनशे लिटरच्या पिंपात जातो. यात पाणी नाही, साखर नाही, बाहेरचं यीस्ट नाही. सालीवर असतं तेवढंच यीस्ट काम करतं, आणि एप्रिलच्या उकाड्यात ते भरपूर असतं. तीन दिवस पिंप बुडबुडतं, वर फेस येतो, मग फेस खाली बसतो आणि रसाचा गोडवा जातो. त्याच दिवशी भाणात घालायचा. या भट्टीनं हे पक्कं सांभाळलंय: प्रत्येक पिंपावर खडूनं तारीख, चौथ्या दिवसापुढचं एकही पिंप नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी त्याच रसाचा शिरका होऊ लागतो, आणि ते आम्ल वाफेबरोबर वर येतं. भाण कितीही चांगला असो, ते अडवत नाही.

इथे आपल्याकडच्या हातभट्टीशी तुलना केल्याशिवाय राहवत नाही. काळा गूळ, नवसागर आणि पाणी यांवर निघणारा माल वेगळा आणि हा वेगळा. पण काजूच्या भट्टीवरही गूळ-साखर येतेच, विशेषतः पीक कमी आलं की. रसात साखर ढकलली की दारू वाढते, वास वाढत नाही. ओळखायची खूण सोपी: उर्राक नाकाजवळ नेल्यावर पिकल्या बोंडूचा वास ग्लास ओठाला लागण्याआधीच आला पाहिजे. तो आला नाही आणि डोकं मात्र चढलं, तर समजा किराणा दुकानातला माल प्यालात.

एका बाटलीचा हिशोबही करून बघा. चांगल्या रसात दहा ते बारा टक्के साखर, त्यातून पाच-सहा टक्के मद्यार्क. 750 मिलीच्या फेणीत साधारण 320 मिली शुद्ध मद्यार्क असतो. भाणातली घट धरली तर एका बाटलीमागे सातेक लिटर रस, म्हणजे दहा-बारा किलो बोंडू. एक बोंडू साठ-सत्तर ग्रॅमचा धरला तर दीडशे ते दोनशे बोंडू कुणीतरी वाकून वेचलेत. कुणी ‘अस्सल फेणी’ सोड्याच्या भावात देऊ लागला तर हा आकडा आठवावा.

आता भाण. ऐंशी लिटरच्या भाणात साठ लिटरच रस घालतात. वरची जागा रिकामी ठेवावीच लागते, कारण रसाला फेस येतो आणि काठोकाठ भरला तर उतू जाऊन नळीत शिरतो. मग बाटलीत दारूऐवजी गढूळ रस येतो आणि सगळी नळी धुवत बसावं लागतं. झाकण आणि नळीचा सांधा वारुळाच्या मातीनं लिंपून वर फडकं गुंडाळलेलं. ही माती चिकट, बारीक आणि तापून फारशी तडकत नाही. काका दर अर्ध्या तासानं ओला हात फिरवून सांधा बघतात. ही नुसती सवय नव्हे. सांध्यातून सुटलेली वाफ खाली धगधगणाऱ्या चुलीपर्यंत पोचली तर भडका उडतो.

आच ही या भट्टीची खरी कमाई. रस उकळीला येईपर्यंत जाळ मोठा, पहिली धार दिसली की दोन लाकडं मागे ओढतात. धार शिवणाच्या दोऱ्याएवढी असावी. ती जाड झाली, तुटक-तुटक उसळ्या मारू लागली की जाळ जास्त झाला. वाफ थंड व्हायला वेळच मिळत नाही आणि सगळा सुगंध हवेत जातो. गाळलेला रस असूनही काही गाळ तळाला बसतोच. मोठ्या जाळावर तो करपतो आणि जळक्या दुधासारखा वास शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. इथल्या चार वेगवेगळ्या दिवशीच्या मालात तो वास कुठेच मिळाला नाही. अशी भट्टी क्वचित भेटते.

पूर्वी वाफ मातीच्या लवणीत उतरायची आणि एक माणूस नारळाच्या करवंटीनं तिच्यावर गार पाणी ओतत बसायचा. इथे नळीचं तांब्याचं वेटोळं टाकीच्या पाण्यात बुडवलंय. गार पाणी तळातून आत, गरम वरून बाहेर, हे बरोबर. उलटं लावलं तर खालचं पाणी गार राहून वरचं तापत जातं आणि निम्मं वेटोळं फुकट. एकच गोष्ट खटकली: दुपारी विहिरीचा पंप बंद होता तेव्हा टाकीचं पाणी हाताला चांगलं गरम लागत होतं आणि नळीच्या तोंडातून वाफ दिसत होती. तेव्हा धार थांबवायला हवी होती. थांबवली नाही.

साठ लिटर रसातून चारेक तासांत अठरा-वीस लिटर उर्राक. पंधरा टक्क्यांच्या आसपास. हीच या भट्टीची शान. वासाला पिकलेला बोंडू, जिभेवर हलका तुरट, शेवटाला किंचित आंबटसर. बर्फ, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि लिंबाचा सोडा. लिम्काही चालतं, पण लिम्कानं बोंडूचा वास झाकला जातो, म्हणून पहिला घोट नुसता घ्यावा. उर्राक हलका लागतो म्हणून लोक पाण्यासारखा पितात आणि उठताना भिंत धरतात. दुसरी गोष्ट, तो टिकत नाही. हंगामात प्यायचा. घरी नेऊन गणपतीपर्यंत ठेवायचा बेत असेल तर पैसे वाचवा; तोवर त्यातला ताजेपणा गेलेला असतो आणि उरतं ते नुसतं पाणचट.

फेणीसाठी हा उर्राक परत भाणात जातो, सोबत आंबलेला रस. इथे चाळीस लिटर उर्राकाला वीस लिटर रस घेतात आणि तेरा-चौदा लिटर फेणी काढतात. पहिले दोनेकशे मिली वेगळ्या बाटलीत. त्यांना नेलपॉलिशसारखा झणझणीत वास येतो, ती दारू काका चूल पेटवायला वापरतात. शेवटची धार ओल्या पुठ्ठ्यासारखी, आंबट वासाची होते; ती थांबवून पुढच्या खेपेच्या रसात घालतात. हे दोन काप नीट घेणं म्हणजे अर्धी फेणी. लोभापायी शेवटची दोन लिटर बाटलीत ढकलणारे पुष्कळ. ती ओळखायची असेल तर ग्लासातल्या फेणीत तेवढंच पाणी घाला. दुधाळ ढग आला तर शेवटच्या धारेचं तेल त्यात उतरलंय.

एक गैरसमज इथे मोडतो. पहिली धार टाकली की ‘विषारी’ मिथेनॉल निघून गेलं असं बरेच जण छातीठोक सांगतात. मिथेनॉल 64.7 अंशांना उकळतं आणि इथेनॉल 78.3 ला, म्हणून हे पटतं. पण पाण्यात मिसळलेलं मिथेनॉल असं शिस्तीत पुढे येऊन निघत नाही, थोडंथोडं शेवटपर्यंत येत राहतं. बोंडूच्या रसातून येणारं प्रमाण मुळातच थोडं असतं. 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली ती कारखान्यात वापरायचं मिथेनॉल दारू म्हणून विकल्यामुळे. कुणी पहिली धार टाकायला विसरला म्हणून नव्हे. तसलं मिथेनॉल नाकाला, जिभेला किंवा काडी लावून कळत नाही. निळी ज्योत आली म्हणजे माल शुद्ध, हा भट्टीवरचा लाडका खेळ निव्वळ करमणुकीचा. परवाना बघा, दुसरा उपाय नाही.

आता तक्रारी, आणि पहिली जरा गमतीची.

काका फेणी 19 ग्राव सांगतात. ग्राव ही तिकडची जुनी मोजणी, काचेच्या मापकावर वाचायची. 19-20 ग्रावाला फेणी म्हणतात, बाटलीबंदवर छापलेले असतात 42.8 टक्के. काका गर्राफांवातून, म्हणजे त्या मोठ्या पोटाच्या काचेच्या बाटलीतून, फेणी उंच नळकांड्यात ओततात, मापक सोडतात, ‘बघा’ म्हणतात. मापक बरोबर, वाचनही बरोबर. चुकतं ते तापमान. 20 अंशांना जुळवलेला टक्क्यांचा मापक सोडला तेव्हा 31 अंशांच्या दारूत तो 42 दाखवत होता. गरम दारू पातळ होते, मापक जास्त बुडतो आणि दारू कडक भासते. या ताकदीला दर दहा अंशांमागे साडेतीन ते चार टक्के. म्हणजे खरी ताकद 38 च्या घरात. ही लबाडी नव्हे, एप्रिलचा उकाडा आहे, आणि ती फेणी पिताना कुणाचं काही बिघडत नाही. पण 42.8 चे पैसे घ्यायचे तर मापकासोबत एक थर्मामीटर ठेवायला हवा. सांगितलं तेव्हा काका म्हणाले, ‘अहो, आमचो आजो मणी बघून सांगायचो.’ मणी म्हणजे बाटली हलवल्यावर वर येणारे बुडबुडे. फेणी हे नावच फेसावरून पडलंय. मणी मोठे आणि लगेच फुटणारे असतील तर दारू कडक, बारीक आणि रेंगाळणारे असतील तर नरम, असा तो ठोकताळा. आजोबांचा डोळा नातवाच्या मापकापेक्षा बहुधा बरा असावा.

दुसरी तक्रार गंभीर. मोठ्या गर्राफांवात सांभाळलेली ही फेणी विकताना पांढऱ्या प्लास्टिकच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये ओततात. चाळीस टक्के मद्यार्क प्लास्टिकचा वास उचलतो. दोन आठवडे कॅनमध्ये ठेवलेली आणि त्याच दिवशी काचेत भरलेली फेणी शेजारी ठेवून बघा. डोळे मिटून फरक कळतो. हंगामभर खपून काढलेला सुगंध शेवटच्या पाच मिनिटांत घालवायचा, हे कुठल्याही कारागिराला शोभत नाही. म्हणून रिकाम्या काचेच्या बाटल्या धुऊन, वाळवून, बूच घट्ट आहे हे बघून घरून न्या. काका हसतमुखानं भरून देतात.

तिसरी, आणि ही बघायची सवय लावून घ्यावी: तांबं. भाणाचं पोट रोज संध्याकाळी आमसुलाच्या पाण्यानं आणि राखेनं घासतात, लखलखीत असतं. वेटोळ्याच्या आत मात्र कुणाचा हात पोचत नाही. हंगाम संपला की ते ओलं राहतं, आत कळकतं, आणि पुढच्या मार्चात पहिल्या धारेबरोबर तो कळंक बाहेर येतो. त्यासाठी हंगामाच्या सुरुवातीला एक भाण नुसतं पाणी आणि आमसुलं उकळून वाफ आरपार सोडायची आणि ती फेकून द्यायची. इथे ते करतात असं सांगितलं, पण पहिल्या आठवड्यातली फेणी पांढऱ्या बशीत ओतून बघणं काही कठीण नाही. निळसर-हिरवट झाक दिसली की घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

बाटलीबंद फेणीशी तुलना होणारच. दुकानातल्या बाटलीत ताकद छापल्याप्रमाणे असते, गाळणी चांगली असते, पाहुण्याला द्यायला लाज वाटत नाही. पण तिचा वास पुष्कळदा धुतलेला असतो. तळहातावर चार थेंब चोळा: भट्टीवरच्या फेणीचा बोंडू अर्ध्या तासानंतरही हातावर असतो, आणि बायको विचारते. ज्यांना हाच वास सहन होत नाही त्यांनी बाटलीबंदच घ्यावी, त्यात कमीपणा नाही. माडाची फेणी हवी असेल तर इथे येऊ नका. ती सुरेची (म्हणजे माडीची), दक्षिण गोव्यात चांगली मिळते, आणि तिची चव पूर्ण वेगळी.

सिंधुदुर्गातल्या वाचकांसाठी दोन गोष्टी. एक, काजू फेणीला 2009 मध्ये गोव्याचं भौगोलिक मानांकन मिळालं. दोडामार्गात त्याच जातीच्या झाडाखालचा बोंडू, तसाच भाण, तीच आच असली तरी त्या मालाला फेणी म्हणता येत नाही. आपल्याकडे बी काढून झाल्यावर झाडाखाली बोंडूचा जो चिखल कुजत पडतो, तो बघून जीव तुटतो, पण तो विषय वेगळा. दोन, परतताना इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर ‘घरच्यासाठी दोन बाटल्या’ हे कारण चालत नाही. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे, आणि महाराष्ट्रात प्यायलाही परवाना लागतो. नेमका कुठला परवाना लागतो ते आधी अबकारी खात्याकडे विचारून घ्या किंवा तिथेच बसून प्या आणि गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

बसायला बाकडी आहेत, सावली आहे, पाणी विहिरीचं आणि गार. खायला खारे शेंगदाणे, क्वचित भाजलेल्या बिया, त्याच्या पुढे काही नाही, जेवून जा. मराठी सगळ्यांना येतं. रविवारी गर्दी होते आणि काका बोलण्यात गुंततात, तेव्हा आचेकडे दुर्लक्ष होतं, म्हणून रविवारचा भाण टाळून मंगळवार-बुधवारचा मागा. पिंपावर तारीख आहेच, वार मोजता येतो.

हंगामात कधी जायचं, तर एप्रिलच्या मधले दोन आठवडे. मार्चात बोंडू कमी, त्यामुळे दोन-तीन दिवसांचा रस एकत्र करायचा मोह होतो. मे महिन्यात वळवाची एक सर पडली की बोंडू फुगतो, फुटतो, रस पाणचट होतो आणि पिंपं दोन दिवसांतच आंबटाकडे झुकतात. पहिल्या सरीनंतरचा रस इथे फेणीत घालत नाहीत. नुसता उर्राक काढून त्याच आठवड्यात संपवतात. तेव्हा गेलात तर फेणी मागताना ‘पावसाच्या आधीची’ असं म्हणा. काका मागच्या खोपीतून वेगळा गर्राफांव आणतील.